वाचकांचे प्रश्न : जुन्या ट्रकच्या ऑइल फिल्टरची गळती

प्रश्न : आमच्या आजोबांनी वाहतुकीच्या धंद्यासाठी घेतलेला फार्गो ट्रक आम्ही घरी जपून ठेवला आहे. त्याचे मूळचे पेट्रोल इंजिन फार पूर्वीच उतरवून त्या जागी पर्किन्स ६.३५४ हे डिझेल इंजिन बसवलेले आहे. दिवाळीच्या आधी आम्ही इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलला आणि तेव्हापासून फिल्टरच्या बाऊलवरून, म्हणजे फिल्टर ज्या भांड्यात बसतो त्यावरून, तेल गळू लागले. आमचा बाऊल खाली लटकणारा असून त्याचा लांब बोल्ट खालून वर जातो. इंजिन चालू असताना बाऊल सगळीकडून ओला होतो आणि गाडी रात्रभर उभी राहिली तर सकाळी खाली रुपयाएवढा डाग दिसतो. मिस्त्रींनी बोल्ट दोनदा आवळला, तिसऱ्यांदा पान्याला पाईप लावून आवळला, शेवटी कडेने सिलिकॉनही लावले. दोन दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच सुरू होते. नवीन बाऊल कोठे मिळत नाही. काय करावे? (एक वाचक, फलटण)

उत्तर : सर्वप्रथम एक विनंती करतो, की तो बोल्ट आता चौथ्यांदा आवळू नका. आपल्या पत्रातील वर्णन नीट वाचले तर आपल्याकडे एक नव्हे, दोन गळत्या आहेत असे मला वाटते, आणि त्यातील दुसरी बहुधा या आवळण्यातूनच निर्माण झाली आहे.

आपल्या इंजिनाच्या नावातील ६ म्हणजे सिलिंडरांची संख्या आणि ३५४ म्हणजे घन इंचांतील आकारमान, म्हणजेच सुमारे ५.८ लिटर. या इंजिनाचा मुख्य ऑइल फिल्टर संपूर्ण प्रवाहाचा असतो, म्हणजे पंपातून निघालेले तेल आधी फिल्टरमधून जाते आणि मगच बेअरिंगांपर्यंत पोहोचते. इंजिन गरम होऊन पूर्ण वेगाने फिरत असताना तेलाचा दाब दर चौरस इंचाला ३० ते ६० पौंड असावा लागतो, म्हणजे गेजवरच्या किलोच्या भाषेत दर चौरस सेंटिमीटरला साधारण २ ते ४ किलो. हा आकडा ऐकायला लहान वाटतो, पण बाऊलचा व्यास १० सेंटिमीटर धरला तर त्याचे क्षेत्रफळ ७८ चौरस सेंटिमीटरांच्या आसपास भरते आणि ४ किलो दाबाला तो बाऊल सुमारे ३०० किलोच्या जोराने खाली ढकलला जातो. सिमेंटच्या सहा गोण्या त्या एका बोल्टाला टांगल्या आहेत अशी कल्पना करावी. एवढ्या जोरापुढे तेल अडवण्याचे काम बाऊलच्या काठावरची एक रबरी रिंग आणि बोल्टाच्या डोक्याखालचा एक तांब्याचा वायसर या दोन गोष्टी करतात. यांपैकी कोणतीही एक नीट बसली नसेल, तर आवळून ती बसत नाही. ती फक्त अधिक वाकडी दाबली जाते.

आता दोन गळत्या म्हणण्याचे कारण सांगतो. बाऊलच्या वरच्या काठावरची रिंग गळत असेल, तर ती मुख्यतः इंजिन चालू असताना गळते, कारण पंप थांबला की तिच्यामागचा दाब संपतो आणि फार तर उरलेले थोडे तेल ओघळून थांबते. याउलट बाऊलच्या तळाशी असलेला वायसर गळत असेल, तर भरलेल्या बाऊलमधले तेल आपल्या वजनानेच थेंबथेंब पाझरत राहते, आणि ही गळती रात्री, गाडी उभी असतानाही सुरू असते. आपल्याकडे दोन्ही लक्षणे दिसतात. चालू इंजिनावर ओला होणारा काठ रिंगेकडे बोट दाखवतो, आणि सकाळचा डाग वायसराकडे.

तरीही काही उघडण्यापूर्वी खात्री करून घ्यावी, कारण जुन्या इंजिनावर तेल जेथे दिसते तेथूनच ते आलेले असते असे नाही. टॅपेट कव्हरचे पॅकिंग गळत असेल किंवा ऑइल गेजच्या पाईपची टोपी, म्हणजे जोडाचा नट, ढिली असेल, तर ते तेल ब्लॉकवरून ओघळत फिल्टरवर येते, पंख्याचा वारा ते मागे पसरवतो आणि बिचाऱ्या फिल्टरवर आरोप येतो. फिल्टर, त्याचे हेड (बाऊल ज्याला खालून बसतो तो वरचा भाग) आणि त्यावरचा ब्लॉकचा भाग रॉकेलने धुऊन कोरड्या फडक्याने पुसून काढावा, त्यावर टाल्कम पावडर शिंपडावी आणि इंजिन सुरू करून बॅटरीच्या उजेडात पाहावे. पांढऱ्या पावडरीवर तेलाची पहिली रेघ जेथे उमटते, ती सर्वांत वरची ओली जागा हीच खरी गळतीची जागा. हे करताना हँडब्रेक ओढलेला, चाकांना ओंडके लावलेले आणि सैल कपडे, टॉवेल पंख्यापासून दूर असावेत. हेड आणि ब्लॉक यांच्यामधला सांधा ओला दिसला तर गोष्ट वेगळी. तेव्हा हेड उतरवून दोन्ही पृष्ठभाग साफ करून नवे पॅकिंग कापून घालावे लागते, आणि ते कापताना तेलाच्या वाटेवर कागदाची पट्टी राहिलेली नाही हे डोळ्यांनी पाहावे लागते.

गळती काठावरचीच निघाली, तर बाऊल उतरवा आणि आपले सगळे लक्ष वर हेडमधील खोबणीकडे द्या. माझ्या अनुभवात फिल्टर बदलल्यानंतर लगेच सुरू होणाऱ्या गळतीचे सर्वांत नेहमीचे कारण तेथेच बसलेले असते. जुनी रिंग वर्षानुवर्षे गरम तेलात राहून कडक होते, काळी पडते आणि खोबणीत अशी चिकटते की ती हेडचाच भाग वाटते. बाऊल खाली येतो, रिंग वरच राहते, आणि नवी रिंग तिच्यावर बसवली जाते. वीस वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये मी स्वतः हीच चूक केली. मालकाने आणलेल्या ट्रकवर मी सकाळपासून तीनदा रिंग बदलली होती आणि तीनही वेळा गळती कायम होती. शेवटी संध्याकाळी ट्रकखाली उताणा पडून, बॅटरी तोंडात धरून, बांबूच्या एका चपट्या काडीने ती खोबण खरवडू लागलो. आधी नुसती काजळी निघाली. मग काडी कोठे तरी रुतली, आणि हळूहळू एक अखंड, सुकलेल्या वेलासारखे कडक कडे बाहेर आले. त्याच्या मागे, खोबणीच्या तळाशी, आणखी एका त्याहून जुन्या रिंगेचे तुकडे होते. खोबण तिच्या मूळ खोलीपर्यंत दिसली तेव्हा नवी रिंग तिच्यात बोटाने दाबताच बसली. त्या दिवसापासून मी खोबणीचा तळ चकाकलेला दिसल्याशिवाय रिंग हातात घेत नाही.

ही सफाई स्क्रूड्रायव्हरने करू नये. हेड अॅल्युमिनिअमचे असेल तर त्यावर ओरखडा पडतो आणि तोच पुढे तेलाची वाट होतो. बांबूची काडी किंवा टोक चपटे केलेली तांब्याची तार हे काम उत्तम करते. आपण लावलेले सिलिकॉनही तेथून पूर्णपणे काढावे लागेल. या जागी सिलिकॉनला माझा ठाम विरोध आहे, आणि त्याची कारणे दोन आहेत. एक तर त्याने रिंग निसरडी होते आणि दाब आला की जागेवरून सरकते. दुसरे म्हणजे त्याचे सुटलेले तुकडे तेलात जातात. फिल्टर ते अडवतो हे खरे, पण तेल थंड आणि जाड असताना किंवा फिल्टर तुंबला असताना बायपास व्हॉल्व्ह उघडतो, आणि त्या वेळी तेल न गाळताच बेअरिंगांकडे जाते. साठ रुपयांच्या रिंगेपायी क्रँकशाफ्टचे जर्नल, म्हणजे बेअरिंगांत फिरणारे त्याचे गुळगुळीत भाग, धोक्यात घालू नये.

रिंग निवडताना दुकानदाराला ट्रकचे नाव सांगून उपयोग नाही. फार्गो, डॉज आणि डिसोटो ही क्रायसलरच्या एकाच घराण्यातील नावे आहेत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या या ट्रकांत पुढे मालकांनी आपापल्या सोयीने इतकी वेगवेगळी इंजिने बसवली, की नावावरून फिल्टर ओळखणे अशक्य झाले आहे. इंजिनाच्या नंबराची पाटी पुसून तिचा फोटो न्या आणि जुना एलिमेंट, म्हणजे बाऊलच्या आतली बदलायची गाळणी, सोबत ठेवा. एलिमेंटच्या खोक्यात बहुधा एकाहून अधिक मापांच्या रिंगा असतात, कारण तोच एलिमेंट वेगवेगळ्या हेडांना चालतो. त्यातली जाडीने आणि व्यासाने खोबणीत ताण न देता बसणारी, आणि बसल्यावर कोठेही न फुगणारी रिंग आपली. ताणून बसवलेली रिंग काही तासांत आकसते आणि एका बाजूने खोबणीतून उठते. रिंग नायट्रिल रबराची असावी. साधे रबर गरम तेलात फुगते. शंका असेल तर खोक्यातली दुसरी, न लागणारी रिंग रात्रभर गरम तेलात बुडवून ठेवा आणि सकाळी तिचे माप घ्या, उत्तर मिळेल.

यानंतर बाऊलची परीक्षा. नवीन बाऊल मिळत नाही असे आपण लिहिले आहे, पण तो खराब झाला आहे हे अजून सिद्ध कोठे झाले? बाऊल स्वच्छ धुऊन जाड काचेच्या तुकड्यावर पालथा ठेवा आणि आतल्या बाजूने उजेड टाका. काठाखालून उजेड दिसला तर तेथे काठ दबलेला आहे. थोडी उंचसखल जागा असेल तर काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून, त्यावर थोडे रॉकेल टाकून, बाऊल इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवत घासला की काठ सपाट होतो. मोठा पोचा लेथवाल्याकडून आतून लाकडाचा ठोकळा देऊन काढून घ्यावा.

याहून महत्त्वाची एक चाचणी आहे, आणि ती मी प्रत्येकाला करायला सांगतो. बाऊलच्या काठावर फिटर वापरतात तो ब्लू, म्हणजे खूण उमटवणारा निळा रंग, अगदी पातळ लावा आणि आत एलिमेंट न घालता, फक्त रिंग बसवून, बाऊल हाताने वर दाबा आणि काढा. रिंगेवर निळी रेघ अखंड उमटली पाहिजे. आता हेच एलिमेंट, त्याखालची स्प्रिंग आणि चकती घालून करा. पहिल्या वेळी अखंड असलेली रेघ दुसऱ्या वेळी तुटक झाली, तर दोष रिंगेचा नाही. एलिमेंट उंचीने जास्त आहे किंवा स्प्रिंग आणि चकती यांचा क्रम उलटा झाला आहे, आणि बाऊल काठावर टेकण्याआधीच एलिमेंटवर अडतो आहे. अशा वेळी बोल्ट कितीही आवळला तरी जोर स्प्रिंगेवर जातो, काठावर नाही. खोक्यावरचा नंबर बरोबर असूनही आत दुसरे माप निघाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत, म्हणून जुना आणि नवा एलिमेंट नेहमी शेजारी उभे करून पाहावेत.

आता तळाची गळती. पाईप लावून आवळल्यामुळे बाऊलचा पत्र्याचा तळ बोल्टाभोवती आत खेचला गेला असण्याची शक्यता मोठी आहे. पट्टी लावून पाहिले की खळगा लगेच दिसतो. तळ सपाट करून घ्या. बोल्टाचे आटे मध्येच पातळ झालेले दिसले, म्हणजे बोल्ट ताणला गेला असेल, तर तो पुन्हा वापरू नका. तांब्याचा वायसर नवा मिळाला तर उत्तम. न मिळाल्यास जुनाच दोन्ही बाजूंनी घासून सपाट करा आणि चिमट्यात धरून गॅसवर मंद लाल होईपर्यंत तापवा. पाण्यात टाकला तरी चालतो, आपोआप निवू दिला तरी चालतो. पोलाद तापवून पाण्यात टाकले की कडक होते, तांबे मात्र तापवल्याने मऊच होते. असा मऊ केलेला वायसर बोल्टाच्या डोक्याखाली थोडा दबतो आणि प्रत्येक बारीक खड्डा भरून काढतो. दाबला गेलेला, कडक झालेला वायसर हे करू शकत नाही.

जोडणी करताना रिंगेला स्वच्छ इंजिन ऑइलचे बोट लावा, बाऊल सरळ वर न्या आणि बोल्ट हाताने घट्ट होईपर्यंत बाऊल दोन्ही बाजूंना थोडा थोडा फिरवत राहा, म्हणजे रिंग आपली जागा धरते. मग साध्या लांबीच्या पान्याने, एका हाताने, आवळा. बाऊल दुसऱ्या हाताने धरून ठेवा, तो शेवटच्या फेरीत फिरता कामा नये. यानंतर स्टॉपर ओढून ठेवून, म्हणजे डिझेल बंद ठेवून, सेल्फ थोडा थोडा मारत राहा आणि गेजचा काटा उठेपर्यंत इंजिन सुरू करू नका. रिकामा बाऊल भरेपर्यंत बेअरिंगे कोरडी फिरू नयेत म्हणून ही काळजी. इंजिन सुरू केल्यावर पहिला अर्धा मिनिट कोणीतरी फिल्टरपाशी उभे असावे. रिंग निसटली तर तेल ठिबकत नाही, पिचकारीसारखे उडते, आणि ते गरम एक्झॉस्टवर पडले तर पेट घेऊ शकते. सर्व ठीक असेल तर इंजिन गरम होऊ द्या, बंद करून दहा मिनिटांनी ऑइलची पट्टी पाहा आणि बाऊलमध्ये गेलेल्या तेलाची भर घाला.

इतके करूनही नवी रिंग पुन्हा बाहेर फेकली गेली, तर गेजकडे पाहा. सकाळी थंड इंजिनावर काटा शेवटाला जाऊन तेथेच राहत असेल, तर दाब मर्यादित ठेवणारा रिलीफ व्हॉल्व्ह अडकला आहे. त्यासाठी बहुतेक वेळा चेंबर, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी, उतरवावा लागतो, पण ते टाळून चालणार नाही. थंडीत फार जाड तेल घातले असेल तरीही पहिल्या काही मिनिटांत हाच प्रकार होतो.

सेकंदाला एक थेंब गळत असेल तर तासाला शंभर ते दोनशे मिलीलिटर तेल जाते. ते तेल पुढे रस्त्यावर पडते, आणि पहिल्या पावसात घाटातल्या वळणावर दुचाकीवाल्याला त्याचा काय त्रास होतो हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको. ट्रक वर्षातून दोनदाच बाहेर निघत असला तरी ही दुरुस्ती त्याआधी करावी.

प्रश्न : माझ्याकडे दुसऱ्या महायुद्धातील डॉजचा पाऊण टनी लष्करी ट्रक आहे, सहा सिलिंडरांचे मूळ पेट्रोल इंजिन अजून चालू आहे. त्याचा ऑइल फिल्टर इंजिनापासून वेगळा, डब्यासारखा असून त्याला दोन बारीक तांब्याचे पाईप जोडलेले आहेत. पाईपच्या टोपीपाशी वारंवार गळती होते. एका मेकॅनिकने फिल्टर काढूनच टाका असे सांगितले. ते योग्य आहे का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : कायमचा काढून टाकू नका, पण मेकॅनिकच्या सांगण्यात तथ्याचा अंश आहे. आपल्या ट्रकमधील २३० घन इंचांचे इंजिन ज्या काळातले, त्या काळी बायपास पद्धतीचा फिल्टर रूढ होता. पंपाचे बहुतांश तेल थेट बेअरिंगांकडे जाते आणि त्यातला थोडासाच भाग एका बारीक छिद्रातून फिल्टरमध्ये येऊन, गाळून, पुन्हा चेंबरमध्ये पडतो. म्हणूनच दुरुस्ती होईपर्यंत ब्लॉकवरचे फिल्टरकडे जाणारे तोंड योग्य आट्याच्या प्लगने बंद करून, आणि परतीचे तोंडही बंद करून, गाडी थोडी चालवता येते. वरच्या उत्तरातील फार्गोच्या फिल्टरबाबत असे मुळीच करता येणार नाही, तेथे फिल्टर हीच तेलाची मुख्य वाट आहे. आपल्या ट्रकमध्येही फक्त परतीचा पाईप बंद करून दाबाचा पाईप तसाच ठेवण्याची चूक करू नका. मग पंपाचा पूर्ण दाब डब्याच्या झाकणावर येतो.

टोपीपाशी वारंवार गळती होण्याचे मूळ बहुधा पाईपच्या तांब्यात आहे. इंजिन रबरी माऊंटिंगवर हलते, आणि फिल्टरचा डबा इंजिनाऐवजी बॉडीला बसवलेला असेल तर पाईप त्या दोहोंमध्ये सतत वाकत राहतो. वाकून वाकून तांबे कडक होते आणि टोपीच्या अगदी मागे, जेथे पाईपचे तोंड फुलवलेले असते, केसासारखी चीर पडते. टोपी आवळली की चीर क्षणभर मिटते, म्हणून सगळे फसतात. टोपी सोडून मागे सरकवा आणि फुलवलेला काठ भिंगातून पाहा. चीर असेल तर तेवढा भाग कापून पुन्हा तोंड फुलवण्यात अर्थ नाही, कारण उरलेला पाईपही तितकाच थकलेला असतो. तेल आणि उष्णता सहन करणारे लवचिक होज लावा, किंवा डबा ब्रॅकेटने इंजिनावरच धरून पोलादी पाईप वापरा. डब्याच्या झाकणाचे पॅकिंग आणि त्याच्या मधल्या बोल्टाचे छोटे पॅकिंग ही दोन्ही एलिमेंटबरोबर बदलावीत. लोक मोठे बदलतात आणि छोटे विसरतात.

प्रश्न : जुन्या बाऊलऐवजी हल्लीच्या गाड्यांसारखा फिरवून बसवायचा डबा-फिल्टर लावण्यासाठी अॅडॉप्टर मिळतो असे ऐकले. गळतीची कटकट त्याने कायमची संपेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : रोज कामावर जाणारा ट्रक असेल तर विचार करायला हरकत नाही. मात्र अॅडॉप्टरही त्याच जुन्या हेडवर आणि त्याच खोबणीत बसतो, त्यामुळे खोबण साफ करण्यापासून सुटका नाही. फिल्टर घेताना आटे जुळले एवढ्यावर थांबू नका. आपल्या हेडमध्ये बायपास व्हॉल्व्ह नसेल तर तो फिल्टरमध्ये असायला हवा, आणि फिल्टर आडवा किंवा उलटा बसत असेल तर इंजिन बंद झाल्यावर तेल मागे न जाऊ देणारा पडदाही हवा. बसवताना रबराला तेलाचे बोट लावून, रबर टेकल्यानंतर हाताने साधारण पाऊण फेरी द्यावी, पाना लावू नये. आणि जुना डबा काढल्यावर त्याचे रबर वर चिकटून राहिलेले नाही ना, हे हात फिरवून पाहावे. या नव्या फिल्टरांतही एकावर एक दोन रबरे बसतात आणि शेरभर तेल रस्त्यावर सांडते. जपणुकीसाठी ठेवलेल्या ट्रकला मात्र मी मूळ बाऊलच ठेवीन, आणि उतरवलेला प्रत्येक भाग, स्प्रिंग आणि चकतीसह, तेल लावून एका डब्यात चिठ्ठी घालून ठेवीन, कारण चकती हरवलेले बाऊल भंगारात मिळतात, चकती मिळत नाही.